राष्ट्रपतिपदासाठी अपक्ष उभा राहिला तर मते नेमकी कोणाची फुटतात?

प्रश्न असा आहे: "राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दोन मोठ्या आघाड्यांचे दोन उमेदवार असताना एखादा वजनदार अपक्ष मध्येच उभा राहिला, तर मतविभागणी होऊन भलताच माणूस निवडून येऊ शकतो का? अमेरिकेत तसे होते म्हणतात. आपल्याकडेही होईल का?"

विधान भवनात आमदारांच्या मतांची जुळवाजुळव करण्यात माझी बरीच वर्षे गेली. आपले किती, त्यांचे किती, काठावरचे कोण, कोणाच्या मतपत्रिकेवर दुसरा पसंतीक्रम कोणाचा असेल, हे कागदावर मांडायचे आणि मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत खाडाखोड करत बसायचे, हे काम. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

अमेरिकेत मतविभागणीने निकाल फिरू शकतो. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्याच पद्धतीने तो फिरत नाही, कारण इथे मतदार एकच नाव निवडून थांबत नाही, १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पण म्हणून अपक्षामुळे आपल्याकडे काहीच होत नाही असे समजू नका. १९६९ साली एक अपक्ष थेट राष्ट्रपती झाला आणि त्या धक्क्याने देशातला सर्वांत मोठा पक्ष दुभंगला. त्या निवडणुकीचे आकडे नीट पाहिले की तुमच्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर त्यातच सापडते.

आधी अमेरिकेचे थोडक्यात सांगतो. तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो ५३८ प्रतिनिधींच्या मतांवर. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर प्रत्येक राज्यात ज्याला सर्वांत जास्त मते, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. निम्म्याहून जास्त मते मिळवण्याची अट नाही. त्यामुळे एखाद्या अटीतटीच्या राज्यात तिसऱ्या उमेदवाराने एका बाजूची थोडी मते खाल्ली तरी पुरते. २००० साली फ्लोरिडात बुश यांना २९,१२,७९० आणि गोर यांना २९,१२,२५३ मते होती. फरक ५३७. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांनी त्याच राज्यात ९७,४८८ मते घेतली. नेडरच काय, त्या राज्यात मतपत्रिकेवर नाव असलेल्या प्रत्येक लहानसहान उमेदवाराची मते ५३७ पेक्षा जास्त होती. फ्लोरिडा गेले आणि देशभरात पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे असलेले गोर हरले.

पण तिथेही तिसरा उभा राहिला म्हणजे अमक्याचे नुकसान झालेच, असे डोळे मिटून म्हणता येत नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो अपक्ष लढले. त्यांना जवळजवळ १ कोटी ९७ लाख मते पडली, म्हणजे १८.९ टक्के; आणि प्रतिनिधी एकही मिळाला नाही, कारण मते देशभर विखुरलेली होती. थोरल्या बुश यांना पेरोंनी पाडले असे आजही सर्रास बोलले जाते. मतदान करून बाहेर पडलेल्यांना तेव्हा विचारले होते की पेरो नसते तर मत कोणाला दिले असते. बुश म्हणणारे ३८ टक्के, क्लिंटन म्हणणारेही ३८ टक्के, आणि उरलेल्यांतले बहुतेक म्हणाले की आम्ही मतदानालाच आलो नसतो. उलट १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना पेरोंपेक्षा कमी, १३.५ टक्के मते होती, पण ती दक्षिणेत एकवटलेली असल्यामुळे पाच राज्ये आणि ४६ प्रतिनिधी त्यांच्या हाती आले. २०२४ च्या निवडणुकीसाठी रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी अपक्ष उमेदवारी जाहीर केली, पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये मोहीम थांबवली आणि ट्रम्प यांना पाठिंबा दिला. मिशिगनमध्ये त्यांचे नाव तरीही मतपत्रिकेवर राहिले आणि त्यांना सुमारे २७ हजार मते पडली. तिथला फरक सुमारे ८० हजारांचा होता, त्यामुळे निकालावर परिणाम शून्य.

यातून आमच्या कामाचा पहिला नियम निघतो. तिसऱ्याला किती मते पडली यावरून काहीही सिद्ध होत नाही. तो नसता तर ती मते कुठे गेली असती, हा खरा प्रश्न. अमेरिकेत याचे उत्तर मतपत्रिकेवर मिळत नाही, लोकांना विचारून अंदाज बांधावा लागतो. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र ते उत्तर मतदाराच्या हस्ताक्षरात लिहिलेले असते. दुसरा पसंतीक्रम म्हणजे तेच.

आता १९६९ कडे येतो.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी प्रभारी राष्ट्रपती झाले. काँग्रेसमध्ये त्या वेळी इंदिरा गांधी एका बाजूला आणि पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील ही 'सिंडिकेट' दुसऱ्या बाजूला, असा उघड सामना चालला होता. जुलैत बंगलोरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिराजींना जगजीवनराम हवे होते. बहुमताने नाव ठरले लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे. आपले यशवंतराव चव्हाण त्या मंडळात होते आणि त्यांचे मत रेड्डींच्या बाजूने पडले. त्यानंतर घटना भराभर घडल्या. मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले गेले, १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि लगेच गिरींनी पद सोडून अपक्ष म्हणून उडी घेतली.

तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडून देणारे. 'स्वतंत्र' आणि जनसंघ या दोन उजव्या पक्षांनी त्यांना उभे केले होते. मराठी वाचकांना सी. डी. देशमुखांचा राजीनामा माहीत असतो, पण ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले होते आणि तिचा निकाल त्यांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीने लागला, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

एकूण उमेदवार १५. त्यांतल्या पाचजणांना एकही मत पडले नाही. सातजणांना किरकोळ मते पडली. दलित चळवळीतले आपले पां. ना. राजभोज हे त्यांपैकी एक, त्यांना ८३१.

ही ८३१ मते म्हणजे ८३१ माणसे नव्हेत, हे इथेच सांगायला हवे. खासदार आणि आमदारांच्या मतांना मूल्य असते. राज्याच्या लोकसंख्येला तिथल्या निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे, आलेल्या आकड्याला हजाराने भागायचे, की त्या राज्यातल्या आमदाराच्या मताचे मूल्य मिळते. देशभरच्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराच्या मताचे मूल्य. १९६९ ला खासदाराचे मत ५७६ चे होते. १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या आमदाराचे येत होते १४६. आज आपल्या आमदाराचे १७५ आहे, कारण १९७१ ची लोकसंख्या धरलेली आहे. विधान परिषदेच्या सदस्यांना आणि राष्ट्रपतिनियुक्त खासदारांना या निवडणुकीत मत नाही.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. बाकीच्या सातजणांची मिळून ८,५०५. वैध मतांची एकूण बेरीज ८,३६,३३७. जिंकायला त्याच्या निम्म्यापेक्षा एक जास्त, म्हणजे ४,१८,१६९ चा कोटा. कोणीच तिथवर पोचले नव्हते. मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायला घेतल्या. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीने निकाल लागल्याचे आजवरचे हे एकमेव उदाहरण.

इथे प्रत्येकजण एक बेरीज करतो, तुम्हीही करून पाहा. रेड्डी आणि देशमुख मिळून ४,२६,३१७ होतात. गिरींपेक्षा जास्त, कोट्यापेक्षाही जास्त. म्हणजे गिरींच्या विरोधातली मते दोघांत विभागली गेली, देशमुख उभे राहिले नसते तर रेड्डी राष्ट्रपती झाले असते, असा निष्कर्ष हातात तयार. तो चूक आहे, आणि का चूक आहे हे मतमोजणीच सांगते.

शेवटी गिरींची मते झाली ४,२०,०७७ आणि रेड्डींची ४,०५,४२७. म्हणजे बाद झालेल्या सगळ्यांच्या मिळून १,२१,२७४ मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेली, १८,५६२ गिरींकडे गेली, आणि १०,८३३ कुठेच गेली नाहीत, कारण त्या मतपत्रिकांवर पुढचा उपयोगी पसंतीक्रम नव्हता. वैध मतांच्या एकूण आकड्यातून दोघांची शेवटची बेरीज वजा केली की हा १०,८३३ चा आकडा निघतो. अशा मतपत्रिकांना आम्ही 'संपलेल्या' म्हणतो.

रेड्डींना कोटा गाठायचा तर देशमुखांच्या गठ्ठ्यातली फार तर ८,१४८ मते इकडेतिकडे जाऊन चालणार होती. प्रत्यक्षात किती गेली? समजा किरकोळ सातजणांच्या ८,५०५ मतांपैकी एकही रेड्डींकडे आले नाही, असे त्यांच्या दृष्टीने टोकाचे गृहीत धरू. तरीसुद्धा देशमुखांच्या मतांपैकी किमान २०,८९० मते रेड्डींना मिळालेली नाहीत. ज्यांनी देशमुखांना पहिली पसंती दिली त्यांच्यातल्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याला रेड्डी दुसऱ्या क्रमांकावरही नको होते. आणि यात विशेष आश्चर्य नाही. स्वतंत्र आणि जनसंघाच्या माणसाला काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारापुढे २ लिहायचा होता. आयुष्यभर ज्या पक्षाशी लढलो त्याच्या उमेदवाराला, फक्त इंदिराजींचा माणूस पडावा म्हणून. पाचातले जवळजवळ चारजण तसे करायला तयार झाले हेच खूप.

देशमुख नसते तर या लोकांनी काय केले असते? त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांची मते जशी वाटली गेली साधारण तशीच पडली असती आणि गिरी तरीही जिंकले असते. तेव्हा देशमुखांनी मते 'फोडली' असे म्हणायला आधार नाही. पसंतीक्रमाच्या पद्धतीत तिसऱ्या उमेदवाराची मते वाया जात नाहीत, त्यांचा मुक्काम फक्त बदलतो. फ्लोरिडातल्या नेडरच्या मतदाराला दुसरा पसंतीक्रम लिहायची सोय असती तर तिथल्या निकालाबद्दल आज वाद घालावा लागला नसता. मेन आणि अलास्का या राज्यांनी आता ती सोय केली आहे.

मग १९६९ ला मते फुटली कुठे? ती फुटली पहिल्या पसंतीत, काँग्रेसच्या आत. आणि ती फोडणारा अपक्ष म्हणजे खुद्द विजयी उमेदवार.

हे समजून घ्यायला मतदार कोण आहेत ते पाहायला हवे. इथे मतदान करतात ते पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले, पुढच्या तिकिटाची चिंता असलेले लोक. अशा माणसाला विरोधी पक्षाच्या उमेदवाराला मत द्यायला सांगितले तर तो दहा वेळा विचार करतो. पण समोर गिरींसारखा उमेदवार असेल, आयुष्य काँग्रेसमध्ये गेलेला, कालपर्यंत उपराष्ट्रपती असलेला, आणि कागदावर कोणत्याच पक्षाचा नसलेला, तर त्याला मत देताना आपण पक्ष सोडला असे वाटत नाही. विरोधकांचीही तीच सोय होते. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक, अकाली, मुस्लिम लीग हे एरवी एकमेकांच्या उमेदवाराला हात लावणार नाहीत; अपक्षामागे उभे राहिले तर कोणीच कोणाच्या दारात गेल्यासारखे होत नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत 'अपक्ष' या शब्दाचे खरे बळ हे आहे. सार्वत्रिक निवडणुकीतल्या अपक्षाला पक्षाची यंत्रणा नसणे नडते. इथे पक्ष नसणे हेच भांडवल होते.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. एक म्हणजे मतदान गुप्त असते. घटनेच्या ५५ व्या कलमातच तसे आहे. दुसरे, पक्षादेश, म्हणजे व्हिप, लागला नाही. निजलिंगप्पांनी तो काढायचा आग्रह धरला, इंदिराजींनी नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्या असे जाहीर केले. पक्षाच्या नेत्याने आपल्याच अधिकृत उमेदवाराच्या बाबतीत असे म्हणणे म्हणजे दार सताड उघडणे. ज्यांना जायचे होते ते गेले.

माझ्या मते सिंडिकेटची सर्वांत महागात पडलेली चाल मात्र वेगळी होती. निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले आणि दुसरी पसंती रेड्डींना द्या अशी विनंती केली. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर होते. वर पाहिले तसे त्या दुसऱ्या पसंतीवरच रेड्डींचा सगळा भरवसा होता. पण ती भेट बाहेर आली आणि इंदिराजींच्या बाजूला हवे ते मिळाले: बघा, पक्षाध्यक्ष उजव्यांशी हातमिळवणी करताहेत. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने डाव्या बाजूला झुकलेला काँग्रेसचा आमदार त्या एका बातमीने आणखी बिथरला असणार. दुसऱ्या पसंतीची मते मागताना पहिल्या पसंतीची किती जातील, हा हिशेब आधी मांडावा लागतो. मी आमच्या तरुण सहकाऱ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगत आलो आहे.

आणि फरक किती होता? शेवटच्या मोजणीत गिरी १४,६५० ने पुढे. एक मत इकडून तिकडे गेले की फरक दुपटीने कमी होतो, म्हणून रेड्डींना गरज होती ७,३२५ पेक्षा थोड्या जास्त मूल्याची. ५७६ ने भागा. १३ खासदार. गिरींना मत दिलेल्या १३ खासदारांनी रेड्डींना दिले असते तर रेड्डी राष्ट्रपती झाले असते. महाराष्ट्राच्या आमदारांच्या भाषेत सांगायचे तर ५१ आमदार. चिंतामणरावांच्या मतपत्रिकांवर झालेल्या चर्चेपेक्षा या १३ माणसांवर जास्त विचार व्हायला हवा, कारण ती मते तिसऱ्या उमेदवारामुळे नव्हे, पक्षातल्या बंडामुळे गेली.

निकालानंतर नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रेड्डींच्या विरोधात वाटलेले एक बदनामीकारक पत्रक हा त्यातला मोठा मुद्दा होता. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला गेले, आणि १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

आता आजच्या काळाचे. १९६९ मध्ये पाच उमेदवार शून्यावर राहिले, कारण तेव्हा एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की अर्ज भरता येत असे. १९७४ मध्ये ते दहा-दहा केले आणि अडीच हजारांची अनामत ठेवली. १९९७ पासून ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५ हजार अनामत. हे शंभरही जण खासदार-आमदार असायला हवेत, आणि एका मतदाराची सही एकाच उमेदवाराच्या अर्जावर चालते. त्यामुळे हौसेखातर उभा राहणारा अपक्ष आता छाननीतच गळतो. शंभर सह्या आणू शकणारा अपक्ष म्हणजे ज्याच्यामागे एखादा मोठा पक्ष किंवा आघाडी आधीच उभी आहे असा माणूस.

गेल्या काही निवडणुकांतले अपक्ष असेच होते. २००७ मध्ये उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत अपक्ष म्हणून लढले, पाठीशी भाजप आघाडी. त्यांना अपक्ष ठेवण्यामागे गणित तेच १९६९ चे होते: समोरच्या बाजूची आणि कुंपणावरची मते ओढायची. झाले उलटे. शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटलांना मते दिली. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६. २०१२ मध्ये पी. ए. संगमा यांनी राष्ट्रवादी सोडून तोच प्रयोग केला, आणि त्याही वेळी शिवसेना प्रणब मुखर्जींकडे गेली. १९९७ मध्ये तर के. आर. नारायणन यांच्या विरोधात टी. एन. शेषन उभे होते आणि शिवसेना शेषन यांच्या पाठीशी होती. शेषन यांना ५०,६३१ मते पडली, कोट्याच्या एकषष्ठांशही नाहीत, त्यामुळे अनामत गेली. या तिन्ही लढती सरळ दोघांतल्या होत्या, दुसऱ्या पसंतीची वेळच आली नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नातला प्रसंग, दोन तुल्यबळ आघाड्या आणि मध्ये तिसरा, घडायला दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतील. कोणत्याही आघाडीकडे स्वतःची निम्मी मते नसावीत, आणि या दोघांशीही समान अंतर राखणाऱ्या पक्षांनी मिळून तिसऱ्याला उभे करावे. पहिली अट अधूनमधून पुरी होते. दुसरी होत नाही, कारण असे पक्ष आपली मते तिसऱ्यावर खर्च करण्यापेक्षा जिंकणाऱ्या बाजूला देऊन त्याचे मोल वसूल करतात. किंवा तटस्थ राहतात, आणि तटस्थ राहण्याचा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही: कोटा वैध मतांवर ठरतो, त्यामुळे गैरहजेरीने कोटा खाली येतो आणि जो पुढे आहे त्याचे काम सोपे होते.

तरीही तसा प्रसंग आलाच, तर मी काय पाहीन ते सांगतो.

प्रथम तिसऱ्याच्या मागे कोण आहे हे पाहीन, आणि त्या प्रत्येक पक्षाचा राज्यातला मुख्य शत्रू कोण ते लिहून काढीन. दिल्लीतल्या घोषणेपेक्षा ही यादी जास्त खरे सांगते. ज्याच्याशी गावपातळीवर हाडवैर आहे त्याच्या नावापुढे आमदार २ लिहीत नाही, पक्षाने ठराव केला तरी. मग मतपत्रिका कोरी किती सुटेल याचा अंदाज घेईन. पहिली पसंती लिहिली की मत वैध होते, पुढच्या पसंती ऐच्छिक आहेत. ज्या पक्षाला दोन्ही मोठ्या उमेदवारांपासून सारखेच अंतर ठेवायचे आहे तो '१ लिहा आणि घडी घाला' असे सांगेल. १९६९ च्या १०,८३३ संपलेल्या मतांना फरकाच्या शेजारी ठेवून पाहा: सगळी रेड्डींना मिळाली असती तरी ते ४,१६,२६० वर थांबले असते, गिरी पुढेच राहिले असते. पण त्या मतांतली दोन-तृतीयांश जरी रेड्डींकडे गेली असती, आणि जोडीला सात-आठ खासदार गिरींकडून रेड्डींकडे हलले असते, तर चित्र पालटले असते.

बंडाचा अंदाज सर्वांत अवघड. या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही आणि पक्षांतरबंदीचा कायदा लागत नाही, त्यामुळे दुसऱ्याला मत दिले म्हणून आमदारकी जात नाही. राज्यसभेला आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, इथे दाखवायची नसते. कोणी फुटले हे राज्यवार आकड्यांवरून कळते, नाव कळत नाही. माझा अनुभव असा की आमदार फुटतो तो उमेदवारावरच्या प्रेमाने क्वचितच. स्वतःच्या नेत्याला काहीतरी कळवायचे असते म्हणून फुटतो. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांना ठिकठिकाणी विरोधी पक्षांच्या आमदारांची मते पडली, त्यात आदिवासी उमेदवाराला नाही म्हणायचे नाही हा खरा भाग होता. पण प्रत्येक राज्यातली कारणे तिथल्या पक्षांतर्गत भांडणातही शोधावी लागतात.

शेवटचा मुद्दा अवैध मतांचा, आणि तो मी कधीही सोडत नाही. मतपत्रिका खासदारांची हिरवी, आमदारांची गुलाबी. तिच्यावर चिन्ह नसते, नोटा नसतो. एका रकान्यात नावे, शेजारच्या रकान्यात पसंतीक्रम लिहायची जागा. आकडा अंकातच हवा. 'एक' असे अक्षरी लिहिले, बरोबरची खूण केली, दोघांपुढे १ लिहिला, किंवा सही ठोकली, की मत बाद. २०१७ मध्ये ७७ मते अशी बाद झाली, त्यात २१ खासदार होते. तेव्हा खासदाराचे मत ७०८ चे होते; म्हणजे एकट्या खासदारांची १४,८६८ मते वाया गेली. १९६९ मध्ये गिरी जिंकले त्या फरकापेक्षा ही मते जास्त आहेत. लढत तिरंगी झाली आणि एकाऐवजी तीन आकडे लिहायची वेळ आली तर चुका वाढतील हे उघड आहे. तुमचे कोणी आमदार ओळखीचे असतील आणि तसा प्रसंग आला, तर मत कोणाला द्यायचे हे सांगायच्या आधी त्यांच्याकडून कोऱ्या नमुन्यावर १, २, ३ लिहून घ्या.